उत्तरेकडचं घर

आमच्या स्टेनक्लिटच्या कड्यावर माझ्या लहानपणी सात घरं होती. ती एकेक करून समुद्रात गेली आणि शेवटी दोनच उरली. दक्षिणेचं आयनर आणि टोवे या नवराबायकोचं, उत्तरेचं विबेकेचं. मी हेल्गे. माझं घर त्यांच्या मागे, आयनरच्या बाजूला, रस्त्याच्या वळणावर. चौतीस वर्षं मी शाळेची बस चालवली, आता घरीच असतो. कड्याकडे जाणारी कुठलीही गाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जाते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत माझाही वाटा आहे आणि तो काही अभिमानानं सांगण्यासारखा नाही.

समुद्र दरवर्षी मीटर-दीड मीटर जमीन खातो. त्याबद्दल आमच्याकडे कुणी रडत नाही. उन्हाळ्यात येणारे पाहुणे विचारतात, इथे झोप कशी लागते तुम्हाला? आम्ही म्हणतो, वारा असला की छान लागते. विबेकेच्या नवऱ्यानं, लाइफनं, अंगणातला झेंड्याचा खांब तीनदा उपटून मागे आणला होता. तो म्हणायचा, "आपण सगळे भाडेकरू. घरमालक पश्चिमेला राहतो आणि भाडं जमिनीत घेतो."

आयनर त्या घरमालकाला सगळ्यांत चांगला ओळखायचा. उभा जन्म त्यानं किनाऱ्यावर दगडी बांध घालण्याच्या कामावर काढला. कुठे दगड टाकले की कुठली वाळू जाते, हे त्याला तळहातासारखं ठाऊक. क्रेस्टेन म्हाताऱ्याचं घर पडलं त्या हिवाळ्यात एक दगडवाला ठेकेदार गावात आला होता. तुमच्या कड्याच्या पायथ्याशी दगड रचून देतो, पन्नास वर्षं घोर नाही, म्हणाला. त्या संध्याकाळी आम्ही लाइफच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. आयनरनं कॉफीचा कप बाजूला सारला आणि बोट टेबलावर ओढत सांगितलं,

"समुद्र वाळू दक्षिणेकडून उचलतो आणि उत्तरेला वाढत जातो. पंगतीत वाढतात तसं. मी माझ्या पानावर झाकण ठेवलं, तर माझं पान राहील. पण लाइफ, तुझ्या पानात काही पडणार नाही. मग तो तुझं पानच खाईल."

"म्हणजे दोघांनी टाकायचे," लाइफ म्हणाला.

"दोघांनी टाकले तर पुढचं चर्चचं रान जाईल. दफनभूमी आहे तिथे. माझी आई आहे."

"मग?"

"मग कुणीच नाही. पाळी आली की सामान बांधायचं."

दोघांनी हात मिळवले. टोवे आणि विबेके तिथेच बटाटे सोलत होत्या. टोवे म्हणाली, "अरे, आम्हाला कुणी विचारणार आहे का?" त्यावर चौघांनीही हात मिळवले. मी साक्षीला होतो. कागद झाला नाही. आमच्याकडे हातात हात दिला की त्यावर आणखी कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

सहा वर्षांपूर्वी लाइफ फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला. मुलगी ऑस्ट्रेलियात. विबेकेला आयनर आणि टोवेनं सांभाळलं, हे खोटं नाही. आयनरनं तिचं छप्पर शाकारलं, गटार मोकळी केली. सरकारी टपाल आता सगळं मोबाइलवर येतं, आणि विबेकेला त्या मोबाइलचा तिटकारा. तीस वर्षं तिनं मासळी कापण्याच्या शेडमध्ये काढली. तिची बोटं सुरीवर चालायची तशी काचेवर चालेनात. तेव्हा तिनं आयनरला रीतसर अधिकार देऊन टाकला, माझी पत्रं तू उघड, तू वाच, महत्त्वाचं असेल ते सांग. तो रविवारी कॉफीला आला की सांगायचा, "दाताच्या डॉक्टरची आठवण आहे," "कचऱ्याचा वार बदलला." ती म्हणायची, "एवढंच? एवढ्यासाठी सरकार आहे होय?"

आणि टोवे. टोवे आणि विबेके एकोणीस वर्षं रोज सकाळी सातला एकत्र समुद्रात उतरायच्या. जानेवारीतसुद्धा. पायऱ्या उतरून, झगे काढून, तशाच नागड्या, हातात हात धरून. चार-पाच मिनिटं, मग बाहेर, अंग लालबुंद, आणि हसणं वरपर्यंत ऐकू यायचं. विबेके मला एकदा म्हणाली होती, "हेल्गे, बहिणीला सांगत नाही ते मी टोवेला सांगते. पाण्यात माणसाला काही लपवता येत नाही, एवढी थंडी असते."

गेल्याच्या गेल्या सप्टेंबरात फ्यून बेटावर विबेकेच्या बहिणीचा पाय मोडला. जावं की न जावं, तिचं चाललं होतं. आयनरनं तिला जवळजवळ ढकललंच.

"जा गं. महिनाभर राहा. कोंबड्यांचं मी बघतो."

"तू त्यांना जास्त खायला घालतोस."

"मग त्या तुझ्यापेक्षा मला जास्त अंडी देतील."

ती गेली. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी माझ्या खिडकीतले कप हलायला लागले. बघतो तर ट्रक. पाठोपाठ दुसरा. नॉर्वेहून आलेला करडा दगड, एकेक तुकडा गाईएवढा. ते आयनरच्या उताराकडे वळले आणि खाली वाळूत उतरले. खाली पिवळं यंत्र आधीच उभं होतं.

दुपारी दुकानात टोवे भेटली. पावाच्या फळीशी उभी होती, हातात राय धान्याचा पाव, नुसतीच धरून.

"टोवे," मी म्हणालो, "विबेकेला ठाऊक आहे ना?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आल्यावर सांगू."

"तिला विचारल्याशिवाय परवानगी मिळते कशी?"

"पत्र गेलं होतं तिला. जुलैत. चार आठवड्यांत हरकत घ्यायची होती."

"आणि?"

"ते आयनरकडे आलं." मग ती एकदम घाईघाईनं म्हणाली, "त्याचं हृदय ठीक नाही, हेल्गे. डॉक्टर म्हणाले, हलवाहलव झेपणार नाही. मी काय करू, सांग? आणि वसंतात तिच्या बाजूला वाळू टाकायची अट आहे परवान्यात. तिचं काही जाणार नाही."

विबेकेच्या बहिणीचा नंबर माझ्या फ्रिजवर चिकटवलेला होता. कधी लागला तर असू दे म्हणून तिनंच जाताना दिला होता. घरी येऊन मी फोन हातात घेतला. मग खिडकीशी गेलो. त्या दगडांमागे आयनरचं घर आणि आयनरच्या घरामागे माझं. माझ्या घराला तज्ज्ञांनी पंधरा वर्षं दिली होती. आता मी मेल्यावरही ते उभं राहणार होतं. मी फोन खाली ठेवला. उद्या करू म्हटलं. असे बारा उद्या गेले.

ती परतली त्या दिवशी बसथांब्यावर मीच तिला घ्यायला गेलो. तिची बॅग उचलली. थांब्यापासून कड्यापर्यंत चालत पंधरा मिनिटं लागतात. ती बहिणीबद्दल बोलत होती, तिथल्या सफरचंदांबद्दल, फ्यूनचा समुद्र कसा डबक्यासारखा, लाटच नाही, माणसं तरी कशी होणार मग. मी हं, हं करत होतो.

अंगणाच्या टोकाशी जाऊन ती थांबली. आयनरच्या कड्याखाली दगडांची नवी भिंत होती, आणि ती नेमकी तिच्या हद्दीशी संपत होती. रेघ मारल्यासारखी.

ती ओरडली नाही. "असं," एवढंच म्हणाली. बॅग माझ्या हातातच राहिली आणि ती सरळ आयनरच्या दाराशी गेली.

आयनरनं दार उघडलं. तो तिची वाटच बघत होता.

"कोंबड्या मजेत आहेत," तो म्हणाला.

"आयनर, ते खाली काय आहे?"

"ते लागणारच होतं, विबेके. परवानगीनं केलंय सगळं. जुलैत पत्र आलं होतं, मुदत संपली."

"आपण हात मिळवले होते."

"लाइफ होता तेव्हा."

"लाइफ मेला म्हणून माझा हात पण मेला का?"

तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. कुठे जाऊ मी? यॉरिंग शहरात, फ्लॅटमध्ये? खिडकीतून पार्किंग बघत बसू?"

"आणि मी कुठे जाऊ?"

तिनं त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. टोवे टेबलाशी बसली होती.

"तुला ठाऊक होतं?" विबेकेनं विचारलं.

"आत ये ना. कॉफी टाकते," टोवे म्हणाली.

"जुलैपासून?"

"विबेके, ये ना आत."

"जुलैपासून तू रोज सकाळी माझा हात धरून पाण्यात उतरत होतीस." तिचा आवाज तेवढ्या एका वाक्याला फाटला. "माझ्या खुब्याच्या दुखण्याबद्दल विचारत होतीस. लाइफ स्वप्नात आला ते मी तुला सांगितलं. तेव्हाही तुला ठाऊक होतं."

टोवेनं तोंड ओंजळीत लपवलं. आयनरनं दार लावलं, हळूच, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावतात तसं.

परत येताना विबेकेनं माझ्या हातून बॅग घेतली. मला काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो.

नोव्हेंबरात ग्रामसभा होती, आमच्या सभागृहात. दरवर्षी त्या सभेत खेळाच्या मैदानाचं गवत आणि रस्त्यावरचे दिवे यापलीकडे काही होत नाही. मग डुकराचं भाजलेलं मांस, बटाटे, बिअर. त्या वर्षी विबेके उठून उभी राहिली. तिनं कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं. हातात कागद नव्हता.

"हरकत घ्यायची मुदत गेली असं मला कळवलंय," ती म्हणाली. "मला गावाकडून एवढंच हवंय. मला विचारलं नव्हतं, असं गावानं लिहून द्यावं. तेवढं असलं तर प्रकरण पुन्हा उघडता येतं."

सगळे आयनरकडे बघू लागले. तो बसूनच बोलला.

"पत्र आलं होतं. मी तिला वाचून दाखवलं. तिच्या स्वयंपाकघरात. ती म्हणाली, टाक बाबा दगड, मी तरी किती दिवस आहे."

सभागृहात खुर्च्या करकरल्या.

"खोटं," विबेके म्हणाली. तिला राग आला नव्हता, आश्चर्य वाटलं होतं. आयनर खोटं बोलू शकतो हे तिला दगड पाहूनही वाटलं नव्हतं.

"टोवे होती तिथे," आयनर म्हणाला. "विचारा तिला."

कुणीच विचारलं नाही. सगळे नुसते बघत राहिले, ते विचारण्यापेक्षा वाईट. टोवेनं अंगावरची लोकरीची शाल ओढून घेतली.

"हो," ती म्हणाली. "वाचून दाखवलं होतं."

मला दुकानातली पावाची फळी आठवत होती. मला शब्दन्‌शब्द आठवत होता. मी उठून "टोवेनं मला वेगळं सांगितलं" एवढं म्हटलं असतं, तर काम झालं असतं. माझे पाय टेबलाखाली होते आणि ते तिथेच राहिले. सभापतीनं घसा साफ केला आणि म्हणाला, हा दोन शेजाऱ्यांमधला मामला आहे, यात गावानं पडू नये. टाळ्या नाहीत, काही नाही. मग मांस आलं. विबेके कोट घालून निघून गेली. तिच्या जागेवरची थाळी कुणीतरी उचलून पुढच्या टेबलाला दिली.

वादळ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. वायव्येचा वारा, भरतीची वेळ, आणि तीन दिवस थांबायचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला तेव्हा आम्ही सगळे कड्यावर गेलो. आयनरचा कडा होता तसा होता, दगडांवर फेस आणि शेवाळ, बास. त्याच्या पलीकडे विबेकेची जमीन सुरीनं कापलेल्या पावासारखी आत गेली होती. अकरा मीटर. झेंड्याचा खांब गेला, कोंबड्यांचं खुराडं गेलं. कोंबड्या तिनं आदल्या दिवशीच घरात घेतल्या होत्या. झोपायच्या खोलीपासून कड्यापर्यंत चार पावलं उरली होती.

नगरपालिकेचा माणूस आला, फीत लावून मोजलं आणि लाल कागद दाराला चिकटवला. घर सोडायचं, आणि समुद्रात पडायच्या आत स्वतःच पाडायचं. तसा नियम आहे. तिनं तो कागद उभ्यानं वाचला, मोबाइलवर नाही.

पाडायला मार्च उजाडला. मधल्या दिवसांत ती मागच्या खोलीत राहिली, आणि रोज सकाळी सातला समुद्रात उतरत राहिली. एकटी. पायऱ्या गेल्या होत्या, म्हणून माझ्या बाजूच्या उतारावरून जायची. फेब्रुवारीतल्या एका सकाळी, वाळूवर बर्फाची साय असताना, मी टोवेला खाली जाताना पाहिलं. अंगावर झगा. विबेके नुकतीच बाहेर येऊन अंग पुसत होती. टोवे तिच्यापासून दहा पावलांवर थांबली, काहीतरी बोलली. विबेके अंग पुसतच राहिली. मग टोवेनं झगा काढला आणि एकटीच पाण्यात गेली.

विबेके निघाली. दोन-तीन पावलं गेली आणि थांबली. आमच्याकडे हिवाळ्यात पाण्यात माणूस असताना किनारा रिकामा सोडत नाहीत. हृदय बंद पडलं तर ओढायला कुणी हवं. ती वळून तिथेच उभी राहिली, ओल्या केसांनी, टोवेवर नजर ठेवून. टोवे बाहेर आली, झगा गुंडाळला, रडत होती असं वरून वाटलं. तिनं हात पुढे केला. तेव्हा विबेकेनं टॉवेल खांद्यावर टाकला आणि उतार चढून आली. माझ्या कुंपणाशी आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

"आत ये," मी म्हणालो. "कॉफी आहे."

"नको," ती म्हणाली. पण गेली नाही. "हेल्गे, ट्रक तुझ्या खिडकीवरून गेले ना?"

"गेले."

"बहिणीचा नंबर होता तुझ्याकडे."

"होता."

"टोवे तुला काही बोलली होती?"

मी मान हलवली. हो म्हणून. तोंडानं बोललो नाही, तेवढंही धैर्य नव्हतं.

तिनं खांद्यावरचा टॉवेल घट्ट ओढून घेतला. मग म्हणाली, "आयनरला घर हवं होतं. टोवेला आयनर हवा होता. तुला काय हवं होतं?"

मी माझ्या घराकडे बघितलं. तिनंही बघितलं.

"असं," ती म्हणाली.

त्या दुपारी मी नगरपालिकेला पत्र लिहिलं, जे घडलं ते सगळं, तारखेसह, आणि टोवे दुकानात काय बोलली तेही. दीड महिन्यानं उत्तर आलं. माहितीची नोंद घेतली आहे. परंतु उत्तरेकडील मालमत्ता आता अस्तित्वात नसल्यामुळे बाधित व्यक्ती कुणी उरलेली नाही. आयनर मला आता रस्त्यात ओळख देत नाही. टोवे देते, मान खाली घालून. दगड तिथेच आहेत.

घर पाडलं त्या दिवशी मी जड सामान उचलायला गेलो होतो. तिनं मला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. पलंगाचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. यॉरिंगला दुसऱ्या मजल्यावर तिला दोन खोल्या मिळाल्या, समुद्रापासून अठरा किलोमीटर. कोंबड्या न्यायला परवानगी नव्हती. त्या मी ठेवल्या.

महिन्यातून एकदा मी अंडी घेऊन जातो. ती घेते, पैसे देऊ करते, मी नको म्हणतो. आमचं बोलणं हवामानापलीकडे फारसं जात नाही. मागच्या खेपेला मी विचारलं, इथल्या पोहण्याच्या तलावावर जातेस का?

"एकदा गेले होते. सूप होतं नुसतं. त्यात लोक गप्पा मारत उभे." ती अंडी एकेक करून फ्रिजमध्ये लावत होती. "मी बसनं किनाऱ्यावर जाते. आपल्याकडे नाही, वर, उत्तरेला. तिकडे सकाळी पाचसहा बायका उतरतात. बऱ्या आहेत."

"मग त्यांनी विचारलं असेल, तू कुठली म्हणून."

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

तिनं फ्रिजचं दार लावलं.

"यॉरिंगची म्हणाले," ती म्हणाली. "त्यांनी मला पाण्यात हात कसा धरायचा ते शिकवलं. म्हणाल्या, शहरातल्या माणसांना समुद्राची सवय नसते."